पडद्यावरील नाग आणि बांधावरील साप

चित्रपट व दूरचित्रवाणी ही करमणुकीची साधने आता खेडोपाडी पोहोचली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसास सायंकाळी दोन घटका विरंगुळा हवाच. तथापि या साधनांतून सापाचे जे चित्र रंगविले जाते, ते शेतकऱ्याच्या हिताच्या दृष्टीने एकदा पारखून घेणे अगत्याचे आहे. शहरातील प्रेक्षकाची व सापाची गाठ बहुधा पडद्यावरच पडते. शेतकऱ्याची मात्र ती बांधावर, कडब्याच्या गंजीत आणि प्रसंगी अंथरुणाशेजारी पडते.

१९५४ साली ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्यातील पुंगीच्या सुरांनी साऱ्या देशाला वेड लावले. गंमत अशी की, ते सूर मुळी पुंगीचे नव्हतेच. कल्याणजी यांनी ते क्लॅव्हिओलिन या विजेवरील वाद्यावर वाजविले होते. पुढे १९७६ च्या ‘नागिन’ चित्रपटात जोडीदाराच्या मारेकऱ्यांचा सूड घेणारी इच्छाधारी नागीण अवतरली. १९८६ साली ‘नगीना’ आला, तर २०१५ साली ‘नागिन’ ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली.

इच्छाधारी नागीण ही कल्पना आहे, हे लहान मूलही जाणते. तिच्यापासून आम्हांस फारसे भय वाटत नाही. खरे भय आहे ते कथेच्या ओघात सहज येऊन जाणाऱ्या, खऱ्या भासणाऱ्या लहानसहान प्रसंगांचे. नायक जखमेस तोंड लावून विष शोषून काढतो. कोणी दंडाला करकचून फडके आवळतो. मांत्रिक मंत्र म्हणतो आणि साप परत येऊन आपले विष ओढून घेतो. आरंभी ‘कथा काल्पनिक आहे’ अशी पाटी दाखविली, तरी यांतील कोणती कृती घातक आहे, हे ती पाटी सांगत नाही. घरात कोणास साप चावला की, गोंधळलेल्या मनाला नेमके हेच प्रसंग आठवतात आणि उपचाराची अमोल वेळ निघून जाते. सन २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातील होती आणि निम्मे मृत्यू पावसाळ्यातील होते.

पडद्याचा दुसरा दोष असा की, तेथे साप म्हणजे केवळ नाग. मण्यार, घोणस व फुरसे यांना तेथे स्थान नाही. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावते; पुष्कळदा वेदना होत नाहीत आणि दंशाची खूणही दिसत नाही. फुरसे तर हातभर लांबीचे. उलटपक्षी धामण लांबलचक व चपळ, म्हणून ती दिसताच काठी उगारली जाते. वास्तविक धामण बिनविषारी असून उंदरांच्या बिळात शिरून त्यांचा फडशा पाडते. जेथे आपला सापळा पोहोचत नाही, तेथे ती पोहोचते. तिला मारणे म्हणजे आपल्या धान्याचा राखणदार मारणे होय. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिलेले आहे.

साप डूख धरतो, हाही पडद्याने दृढ केलेला समज. सापाला माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घेण्याइतकी बुद्धी नसते. एक साप मारल्यावर दुसरा आला, तर तेथे उंदीर व अडगळ कायम आहे, असे समजावे. पुंगीपुढे तो डोलतो, तो गारुड्याच्या हालचालीवर नजर ठेवण्यासाठी. सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीतील कंप व हवेतील काही खालच्या पट्टीचे आवाज त्याला जाणवतात, परंतु त्याने संगीतावर भुलणे संभवत नाही. दूध हेही त्याचे अन्न नव्हे. पाण्यावाचून कोंडलेला साप तहानेने दुधास तोंड लावतो, इतकेच.

यास्तव ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी नागपंचमीच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसाळ्यात, गावकऱ्यांच्या सभेत पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात. दंश झालेल्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत. दंश झालेला हात वा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे पट्टीच्या आधाराने स्थिर ठेवावा. आवळून बांधू नये. जखम कापू नये, चोखू नये. विनाविलंब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. रुग्णालयातील प्रतिविष वरील चारही विषारी सापांवर चालते. म्हणून साप पकडून नेण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये. रात्री बाहेर पडताना विजेरी व पायांत बूट असावेत, निजताना खाट व मच्छरदाणी वापरावी.

सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केली आहे. ती सिद्धीस जाणे गावाच्या सहकार्यावाचून अशक्य आहे. चित्रपट अवश्य पाहावेत. परंतु साप चावल्यावर काय करावे, हे डॉक्टरांकडून शिकावे. निर्मात्यांनीही इतके करावे की, दंशाचा प्रसंग आला, तर नायकाने जखम चोखण्याऐवजी रुग्णास रुग्णालयात न्यावे. त्याने कथेची गोडी कमी होणार नाही आणि खेड्यातील एखादा जीव मात्र खचित वाचेल.