अडुळसा आणि कापसाची धूळ

डिलाईल रोडच्या एका वाचकबाईंनी विचारलंय: आसपासच्या बांधकामांच्या धुळीने घरात सगळ्यांना खोकला झालाय, अडुळसा कसा द्यावा?

प्रश्न जुना आहे, धूळ तेवढी नवी. कामगार पुढारी ना. म. जोशींचं नाव मिळण्याआधीपासून या रस्त्याला कापसाची धूळ ठाऊक होती. इथल्या गिरण्यांच्या ब्लोरूमला आणि कार्डिंग खात्यात ती सर्वांत जास्त. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळायची, आठवडा सरता सरता जरा मोकळी व्हायची. वर्षं लोटली की मोकळं होणंही थांबायचं. या रोगाचं नाव बिसिनोसिस. कामगार राज्य विमा कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत तो होता. चाळीत मात्र त्याला नुसता खोकला म्हणत, आणि खोकल्यावर अडुळसा.

अडुळसा कुंपणाचं झुडूप, पण चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीला कुंपण कुठलं? पाला यायचा गावाहून, कुणाच्या तरी पिशवीतून. गावी हे झुडूप बांधावर लावतात, कारण कडूपणामुळे शेळीही त्याला तोंड लावत नाही. पांढरं फूल जबडा उघडल्यासारखं दिसतं, म्हणून संस्कृतात नाव पडलं सिंहास्य. पण फुलासाठी ते कोण लावतंय!

कच्ची पानं कुटून रस फारसा निघत नाही. वाफवून पिळायची, मग मध आणि आल्याचा रस. कफ सुटतो, यात खोटं काही नाही. पानातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून बेतलेलं ब्रोमहेक्सिन हे कफाचं औषध 1960च्या दशकात बाजारात आलं. म्हणजे केमिस्टकडची बाटली आणि आजीचा काढा तसे भाऊबंदच.

माझी तक्रार अडुळशाबद्दल नाहीच. कफ सुटला तरी दुसऱ्या दिवशी माणूस त्याच धुळीत उभा राहायचा. खात्यातली हवा सुधारणं मालकाचं काम होतं. ते घरच्या बाईच्या स्टोव्हवर येऊन पडलं.

तर बाई, आधी बांधकामवाल्याला विचारा, पाणी मारतोस का, जाळी लावतोस का. घरात कुणी गरोदर असेल तर तिला अडुळसा अजिबात नको, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्या, काढ्यावर दिवस काढू नका. बाकी कुंडी जरूर ठेवा. खिडकीत ऊन येत असेल तर नुसती फांदी खोचली तरी जगते.