भुकेला कोंडा, निजेला धोंडा

आपल्या जुन्या माणसांनी भूक आणि झोप या दोघींना एकाच म्हणीत बसवले, ते उगाच नव्हे. पोटात आग असली की कोंड्याची भाकरीही गोड लागते आणि अंग शिणले की धोंड्याची उशीही मऊ होते. कष्ट, भूक, अन्न आणि निद्रा असे हे रहाटगाडगे. त्यातले एक गाडगे फुटले तर पुढे काय, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही. तो आता पडू लागला आहे. कारण भूकच कमी करणारे औषध आपल्या घरांत आले आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये खास वजनासाठीचे सेमाग्लुटाइड आपल्या देशात मिळू लागले. आठवड्यातून एकदा कातडीखाली बारीक सुई टोचून घ्यायची, एवढेच काम. जेवल्यावर आतड्यांकडून तृप्तीचा जो निरोप मेंदूला जातो, त्याचीच नक्कल हे औषध करते. शिवाय अन्नाला जठरात अधिक वेळ रेंगाळत ठेवते. कित्येकांचे वजन त्याने खरोखर उतरते. तेव्हा त्याला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांत शंभरांपैकी सुमारे ११ जणांनी थकव्याची तक्रार केली. औषधाविना नुसतीच सुई टोचून घेणाऱ्यांत असे ५ जण होते.

आमच्या परिचयातील एक बाई बँकेत नोकरी करतात. औषध सुरू झाल्यावर दोन महिन्यांत साडीच्या निऱ्या वाढल्या, पण दुपारी चार वाजता खुर्चीतून उठवेना. मग चहावर चहा. घरी आल्यावर दोन तास झोप, आणि रात्री एक वाजता डोळे टक्क उघडे! यजमानांनी आळसाचे निदान केले. सासूबाई म्हणाल्या, "अन्नावरची वासना उडाली, म्हणजे दुखणेच ते!" बाईंनी औषध सोडायचे ठरवले. सोडण्यापूर्वी डॉक्टरांकडे गेल्या, हे बरे झाले. डॉक्टरांनी एकच विचारले, "काल दिवेलागणीपर्यंत काय खाल्लेत?" उत्तर होते : अर्धी पोळी आणि चार कप चहा.

मर्म इथे आहे. भूक ही शरीराची घंटा. औषधाने घंटेचा आवाज मंदावतो; शरीराची गरज काही तेवढी मंदावत नाही. म्हणून घंटेची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून खावे. थोडे खावे, पण प्रत्येक वेळी ताटात प्रथिने असावीत : वाटीभर घट्ट वरण, मोडाची उसळ, दही, पनीर, चालत असेल त्यांना अंडे. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि जिना चढताना धाप लागते. जेवण कमी झाले की त्यातून मिळणारे पाणीही घटते. तेव्हा तांब्या जवळ असावा आणि दिवसभर घोट-घोट प्यावे.

झोपेचेही तसेच. जठर सावकाश रिकामे होत असल्याने जेवून लगेच आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येते. रात्रीचे जेवण निजण्याआधी तीन तास उरकावे. चहाचा अंमल पाच तासांनीही निम्मा उरतो. तेव्हा दुपारनंतरचा कप सोडावा. डुलकी घ्यायचीच तर अर्ध्या तासाच्या आत. औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि वाढीनंतरचे काही दिवस जड जातात. अशा वेळी सुईचा वार सुटीच्या आदल्या दिवशी ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

तथापि सगळाच थकवा औषधाच्या माथी मारू नये. रक्त कमी असणे, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी, यांतले काहीही मागे दडलेले असू शकते. घोरणारा माणूस सकाळी थकलेलाच उठत असेल तर झोपेत श्वास अडकतो का, हे तपासावे. गंमत अशी, की लठ्ठपणामुळे जडणाऱ्या नेमक्या याच विकारावर अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइडला मान्यता दिली. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सोबत चालू असतील आणि घाम, थरथर, घेरी आली, तर साखर एकदम उतरलेली असू शकते. तिथे, किंवा उलट्या थांबत नसतील तर, घरगुती शहाणपण कामाचे नाही. तडक डॉक्टर गाठावा. औषध आपल्या मनाने सोडू नये आणि झोपेची गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नये.

बँकेतल्या बाई आता डब्यात उसळ नेतात आणि साडेदहाला निजतात. पूर्वीचा उत्साह सगळा परतला असे नाही, पण चारची खुर्ची सुटली.

आता दिवाळी आली. तळणीचे पदार्थ अशा पोटात फार काळ बसून राहतात. पाहुण्याने एका चकलीवर हात आवरला, तर तो सुगरणीचा अपमान समजू नये, आणि "घ्याच" हा शब्द दोनदा उच्चारू नये. आणि घरातले कोणी भर दुपारी भिंतीला टेकलेले दिसले, तर आळशी म्हणण्यापूर्वी एवढेच विचारावे : "आज जेवलात का?"