समुद्रावरची रातपाळी

पाळी म्हटली की आपल्या वस्तीतल्या जाणत्या माणसांना गिरणी आठवते. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी. भोंगा झाला की घरातले एक माणूस डबा घेऊन निघायचे आणि दुसरे डोळे चोळत परतायचे. गिरण्या गेल्या, पण पाळी काही गेली नाही. इस्पितळातली आया, कारखान्याच्या दारावरचा पहारेकरी, रेल्वेचा गँगमन ही सगळी आजही पाळीचीच माणसे आहेत. आज आम्ही वाचकांना एका निराळ्या पाळीची ओळख करून देणार आहोत. ही पाळी भर समुद्रात, शिडाच्या जहाजावर चालते आणि ती करणारी मुले-मुली विशीच्या आसपासची असतात.

आपल्या नौदलाकडे ‘तरंगिणी’ नावाचे शिडाचे जहाज आहे. ते गोव्याच्या गोदीत बांधले गेले आणि १९९७ साली नौदलात दाखल झाले. लांबी ५४ मीटर, तीन डोलकाठ्या. सर्वांत उंच डोलकाठी दहा मजली इमारतीएवढी भरेल. २००३-०४ साली या जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याचे धाकटे भावंड ‘सुदर्शिनी’ हेही गोव्यातच बांधलेले, ते २०१२ साली दाखल झाले. दोन्ही जहाजांचे ठाणे कोची. नौदलात अधिकारी होऊ घातलेले तरुण या जहाजांवर शिकायला येतात.

कोणी म्हणेल, इंजिनाच्या आणि उपग्रहाच्या जमान्यात शिडे कशाला ओढायची? नौदल मंडळींचे उत्तर सरळ आहे. बंद केबिनमध्ये बसून काचेवरचे आकडे वाचणाऱ्याला वारा कळत नाही. शिडाच्या जहाजावर वारा फिरला की हातातला दोर सांगतो, लाट वाढली की पायाखालची फळी सांगते. आणि एकट्याने ओढून मोठे शीड हलतच नाही. दहाजणांनी एका सुरात ओढावे लागते. समुद्र आणि सोबती, दोन्ही ओळखायला शिकवणारी अशी दुसरी शाळा नाही.

या शाळेतला दिवस कसा जातो ते पाहा. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांचे पोट ढवळण्यात जातात. लाज वाटण्याचे कारण नाही. इंग्रजांचा नामांकित नौसेनापती नेल्सन यालाही जन्मभर बोट लागत असे. पण ओकारी झाली म्हणून पाळी चुकत नाही. तोंड धुवायचे आणि उभे राहायचे. हळूहळू शरीर सरावते.

मग दोरांची ओळख सुरू होते. तीन डोलकाठ्यांच्या अशा जहाजावर शंभराहून अधिक दोर असतात. प्रत्येकाचे नाव वेगळे, काम वेगळे आणि बांधायची खुंटी ठरलेली. नवख्याला ते सगळे सारखेच दिसतात. पण काळोख्या रात्री, पाऊस तोंडावर मारत असताना, नेमका हवा तोच दोर हाताला लागला पाहिजे. चुकीचा सोडला तर वरच्या काठीवर उभ्या असलेल्या सोबत्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून मुले दिवसा डोळे मिटून खुंट्या चाचपत पाठ करतात.

वर चढणे हा सगळ्यांत धास्तीचा भाग. दोराच्या शिडीवरून वर जायचे, मग आडव्या काठीखाली ताणलेल्या दोरावर पाय ठेवून, पोट काठीला टेकवून शीड सोडायचे किंवा गुंडाळायचे. कमरेला सुरक्षेचा पट्टा असतो. जुन्या खलाशांचा एक धडा सगळ्यांना पहिल्या दिवशी मिळतो: एक हात जहाजासाठी, एक हात स्वतःसाठी. कामाच्या भरात स्वतःला सोडून देऊ नये आणि भीतीपोटी कामही सोडून देऊ नये.

पाळीवर असलेल्या गटातला एकजण सुकाणू धरतो. एकजण पुढच्या टोकाला उभा राहून टेहळणी करतो. लांबवर दिवा दिसला की तो कोणत्या दिशेला, ते ओरडून सांगतो. एकजण जहाजभर फेरी मारतो: कुठे पाणी शिरले का, कुठे जळका वास येतो का, कुठला दोर घासतो आहे का. वाऱ्याची दिशा आणि हवेचा दाब वहीत लिहावा लागतो. उरलेले शिडांच्या हाकेसाठी तयार बसतात. पाळी संपत आली की पुढच्या गटाला झोपेतून उठवायला जावे लागते आणि बदली माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आपली जागा सोडता येत नाही. तिथे उशिरा उठणारा साहेबाचा गुन्हेगार ठरतो, पण त्याआधी तो थंडीत कुडकुडत थांबलेल्या सोबत्याचा गुन्हेगार असतो.

पाळी सुटली म्हणजे मोकळीक, असेही नाही. डेक धुवायचा, पितळ घासायचे, फाटके शीड शिवायचे, बटाटे-कांदे सोलायचे, ताटे विसळायची आणि संडासही साफ करायचे. गोडे पाणी मोजून वापरायचे. उद्या ज्यांच्या खांद्यावर अधिकाऱ्याच्या पट्ट्या चढणार, त्यांच्याच हातात आज खराटा असतो. आपल्या समाजाला हे वाचून काय वाटेल ते वेगळे सांगायला नको. जे काम जमिनीवर एका जातीच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले, ते जहाजावर पाळीने सगळ्यांच्या वाट्याला येते आणि त्याने कोणी बाटत नाही.

आता आम्हाला जी गोष्ट खरी सांगायची आहे, ती या पाळ्यांच्या हिशोबाची. शिडाच्या जहाजांच्या जुन्या रिवाजात दिवसाचे चार-चार तासांचे भाग करीत. चोवीस भागिले चार, म्हणजे सहा पाळ्या. माणसांचे गट दोन किंवा तीन. सहाला दोननेही भाग जातो आणि तीननेही. म्हणजे काय होणार? ज्या गटाच्या वाट्याला पहिल्या दिवशी मध्यरात्री बारा ते चारची पाळी आली, त्याच्याच वाट्याला ती रोज येणार. महिनोन्‌महिने तीच माणसे गाढ झोपेतून उठणार आणि दुसरी तीच माणसे सुखाने झोपणार.

यावर खलाशांनी साधी युक्ती काढली. संध्याकाळच्या चार ते आठ या एका पाळीचे दोन तुकडे केले: चार ते सहा आणि सहा ते आठ. सहाच्या जागी सात पाळ्या झाल्या. साताला दोनने भाग जात नाही आणि तीननेही जात नाही. त्यामुळे पाळ्या रोज आपोआप पुढे सरकतात. आज माझी मध्यरात्र, उद्या तुमची. शिवाय संध्याकाळचे जेवण दोन्ही गटांना वेळेवर मिळते. अनेक नौदलांत ही पद्धत आजही आहे.

वाचकहो, यातले मर्म ध्यानात घ्या. येथे कोणी कोणाला उपदेश केला नाही की बाबांनो, एकमेकांवर दया करा. कोणाच्या चांगुलपणावर काही सोपवले नाही. दिवसाची वाटणीच अशी केली की अन्याय टिकूच नये. आम्ही कारकुनी करणारी माणसे. हजेरीपट आणि ड्यूटीचा तक्ता हातून रोज जातो. चांगला साहेब आला की तक्ता नीट लागतो, बदलून गेला की पुन्हा ठरावीक माणसांच्याच नावापुढे रातपाळी दिसते. चांगला माणूस बदलून जातो, चांगला नियम मागे राहतो.

पण जहाजावर सगळे आबादीआबाद होते, असे म्हणणे खोटे ठरेल. इंग्रजांच्या आगबोटींवर हजारो हिंदी खलाशी राबले. त्यांत आपल्या रत्नागिरीकडची माणसे पुष्कळ होती. त्यांना गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार कितीतरी कमी, आणि झोपायला जागाही कमी. समुद्र सगळ्यांना सारखाच भिजवीत होता, पगाराचे पुस्तक मात्र कातडी पाहून लिहिले जात होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावर तरुण खलाशांनी संप पुकारला. तोंडी लावलेले कारण होते निकृष्ट जेवण आणि वरिष्ठांची अपमानास्पद भाषा. त्यांच्या पाठिंब्यासाठी २२ फेब्रुवारीला मुंबईचा गिरणी कामगार रस्त्यावर उतरला. गोळीबारात दोनशेच्या वर माणसे गेली. पाळीची माणसे पाळीच्या माणसांसाठी उभी राहिली, ही आठवण आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.

धोक्याबद्दलही लपवून ठेवणे बरे नव्हे. नोव्हेंबर २०१० मध्ये जर्मन नौदलाचे ‘गोर्च फोक’ हे शिडाचे जहाज ब्राझीलच्या साल्व्हादोर बंदरात असताना डोलकाठीवरून पडून २५ वर्षांची एक प्रशिक्षणार्थी तरुणी मरण पावली. देशभर गदारोळ झाला, शिडांवरचे प्रशिक्षण थांबवावे लागले. पुढे तेथील नौदल शाळेत जमिनीवरच सरावाची डोलकाठी उभारण्यात आली, म्हणजे मुलांनी आधी तिथे हात बसवावा. मे २०२५ मध्ये मेक्सिकोचे ‘क्वाउतेमोक’ हे प्रशिक्षण जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर आदळले. त्या वेळी डोलकाठ्यांवर माणसे उभी होती. दोघांचा जीव गेला. कष्ट माणसाला घडवतात हे खरे, पण निष्काळजीपणाला शिस्त म्हणता येत नाही. मुलाला कोठेही शिकायला पाठवताना सुरक्षेचे काय, हे विचारणे आई-बापांचा हक्क आहे.

आपल्या मुलांना हा मार्ग मोकळा आहे का? आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हे विषय घेऊन एन.डी.ए.ची परीक्षा देता येते. ती वर्षातून दोनदा होते. २०२२ पासून मुलीही तेथे शिकत आहेत. निवड झाल्यावर शिक्षणाचा खर्च सरकार करते. या परीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्र शासनाची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे आणि मुलींसाठी नाशिकला २०२३ साली सुरू झाली आहे. तेथे दहावीनंतर प्रवेश मिळतो, म्हणून चौकशी नववीतच करावी. पोहणे शिकवावे, गणिताची भीती घालवावी. आपल्या घराण्यात कोणी गेले नाही, हे न जाण्याचे कारण होऊ शकत नाही.

आणि सगळीच मुले काही समुद्रावर जाणार नाहीत. त्यांच्यासाठी घर आहेच. पहाटे पाणी भरायला रोज आईच उठते. रात्री भांडी रोज बहिणीच घासतात. आजारी आजोबांना मध्यरात्री उठून पाणी देणारी सूनही एकच. त्या बारा ते चारच्या पाळीवर ती वर्षानुवर्षे एकटीच उभी आहे आणि बदलीला कोणी येत नाही. तेव्हा या रविवारी मुलांना सोबत घेऊन एक कागद घ्या, घरातली कामे लिहा, माणसे लिहा आणि पाळ्या लावा. मुलग्यांची नावे पहिल्यांदा लिहा. पाळ्या त्याच त्या माणसावर येत असतील, तर एका कामाचे दोन तुकडे करून पाहा. कागद भिंतीवर लावा आणि वडीलमंडळींनी पहिल्या आठवड्यात स्वतःची पाळी चुकवू नये, एवढेच आमचे सांगणे.