विधवेच्या दोन टोल्यांचा हिशेब कुठाय?



देवळाच्या दानपेटीसमोर एक माणूस बसलाय. कोण किती टाकतंय ते बघतोय. श्रीमंत येतात, भरपूर टाकतात. मग एक दरिद्री विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. येशू शिष्यांना बोलावून म्हणतो, हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. त्यांनी उरल्यासुरल्यातून दिलं, हिनं पोटातलं काढून दिलं.

मार्कच्या बाराव्या अध्यायातली ही गोष्ट. थाळी फिरवायच्या आधी हीच सांगतात. बघा, त्या बाईनं सगळं दिलं, तुम्ही काय देता?

मी म्हणतो, ही गोष्ट अर्धीच वाचली जाते.

मी बौद्ध आहे, बौद्धच राहणार. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. शाळा आठवीत सुटली. खात्यात नगरकडचा एक ख्रिस्ती दोस्त आहे. त्याचे खापरपणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले, म्हणजे मूळ आपल्यातलेच. त्यानं नवा करार वाचायला दिला. तुम्ही म्हणाल, च्यायला, हा आता पाद्र्याचं बोलायला लागला. बोलू द्या. चर्चमध्ये जात नाही असं मी म्हणत नाही. दक्षिणेत ख्रिस्ती झालेल्या दलितांना दफनाची जागासुद्धा वेगळी ठेवल्याचे दाखले आहेत. पण पैशाबद्दल त्या पुस्तकात जे आहे, ते चर्चला जेवढं टोचतं तेवढंच आपल्यालाही टोचतं. म्हणून लिहितोय.

त्या विधवेच्या वरच्याच ओळी वाचा. येशू शास्त्र्यांवर घसरलाय. लांब झगे घालून मिरवतात, पहिल्या आसनावर बसतात, लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. आणि लगेच विधवा येते. पुढचा अध्याय उघडा. एक शिष्य देवळाचे मोठमोठे दगड बघून हरखलाय. येशू म्हणतो, यातला दगडावर दगड राहणार नाही. म्हणजे बघा, आधी घर गिळणारे, मग जिचं सगळं गेलं ती बाई, मग ते देऊळच पाडायची भाषा. यात बाईचं कौतुक आहेच. पण पेटीवर आरोपपण आहे. तिच्या दोन टोल्या घेणाऱ्यांनो, तिचं घर कुठाय?

आता माझं सांगतो. मागच्या जयंतीला आमच्या वस्तीचं पावतीपुस्तक माझ्याकडं होतं. पलीकडच्या गल्लीत एक मावशी राहते. विधवा आहे, भंगार वेचते. तिनं कनवटीला बांधलेली वीसची नोट सोडून दिली. मी पावती फाडली, जयभीम म्हटलं, पुढं गेलो. पैसे गेले डीजेत, कमानीत, नेत्यांच्या हारात. हिशेबाची बैठक झालीच नाही. माझ्या चहापाण्याचे, रिक्षाचे पैसेही मी त्यातूनच घेतले, कुठं लिहिले नाहीत. जूनमध्ये मावशी आली. नातवाची आयटीआयची फी भरायची होती. म्हणाली, "बाबासाहेबांचं हाय म्हून दिलं व्हतं. त्यातलं कायच उरलं न्हाई व्हय रं?"

मी खाली बघितलं. पुस्तकातला शास्त्री मला आरशात दिसला.

तेव्हापासून मी दातृत्वाच्या गप्पांवर चिडतो. दान सोपं असतं. हिशेब अवघड असतो. लूकमधला जक्कय घ्या. जकातदारांचा मुखिया, पैसेवाला. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो दोन गोष्टी बोलतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो. आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. दोन वेगळी खाती आहेत ही. पहिलं दान, दुसरं कर्जफेड. आपल्याकडचे शेटलोक पहिल्या खात्याचे फलक लावतात आणि दुसरं खातं उघडतच नाहीत. पाणपोई बांधतात, ओव्हरटाइम बुडवतात. याकोबाचं पत्र तर सरळ म्हणतं, शेत कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवापर्यंत पोचली आहे. देव असो नसो, ओरड खरी आहे. ती रोज पाळी सुटल्यावर मी ऐकतो.

आणि वाटप? प्रेषितांच्या कृत्यांत सहावा अध्याय आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जायचं, हिब्रू बोलणाऱ्यांना मिळायचं. तक्रार झाली. मोठ्यांनी उपदेश केला नाही. सगळ्यांना बोलावून सात माणसं निवडायला सांगितली आणि ते काम त्यांच्यावर सोपवलं. सातही जणांची नावं ग्रीक आहेत! ज्यांची ताटं रिकामी राहत होती, त्यांच्याच बाजूच्या नावांच्या हाती वाटप गेलं. आपल्या कमिटीत भंगार वेचणारी एक तरी बाई आहे का?

पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो. करिंथच्या मंडळीला लिहितो की मी एकटा पैसे नेणार नाही. तीताबरोबर आणखी माणसं पाठवतो, कुणाला बोट दाखवायला जागा नको. केवढा मोठा माणूस, पण स्वतःवर पहारा बसवतो. आणि वर्गणी कशासाठी म्हणतो? दयेसाठी नाही, समानतेसाठी. तुमच्या भरपुरीनं त्यांची तूट भरावी, उद्या त्यांच्यानं तुमची. नाही त्यातून द्या असंही म्हणत नाही, आहे त्यातून द्या म्हणतो.

आता जे शिकले, नोकरीला लागले, त्यांच्यासाठी. मेथडिस्ट पंथ काढणारा जॉन वेस्ली (1703–1791) ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा हिशेब सांगतो. वर्षाला 30 पौंड मिळाले, 28 मध्ये भागवलं, 2 दिले. पुढं 60 मिळाले, भागवलं 28 मध्येच, 32 दिले. 90 झाले तेव्हा 62 दिले. 120 झाले तेव्हा 92. तो तरुण वेस्ली स्वतःच, असं मानतात. मिळकत वाढली, गरज वाढवली नाही. आपल्यात पगार वाढतो, फ्लॅट वाढतो, गाडी वाढते. वर्गणी मात्र दहा वर्षं तीच.

बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला मागितला होता. विसाव्यात एक. किती जण देतात? आणि जे देतात, त्यांना हिशेब कोण देतं?

म्हणून सांगतो. येत्या जयंतीला माझ्या हातात पावतीपुस्तक असेल तर जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लागेल, रुपया न् रुपया, माझ्या चहासकट. तपासायला ती मावशी बसेल. तिला वाचता येत नाही, तिचा नातू वाचून दाखवेल. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी तिच्या दारात पावती फाडायला जाऊ नये.

तिची वीसची नोट मी देणं लागतो. जक्कयच्या हिशेबानं ऐंशी रुपये होतात. ते मी या पगाराला देऊन आलो. तिनं मोजून घेतले. तेच बरोबर आहे.

जयभीम.