आळशी डोळा : वैद्यांनी दवडू नये असा काळ

बालकाचा डोळा बाहेरून निर्मळ दिसावा, त्यात वेदना नसावी आणि तरीही त्याला नीट दिसू नये, ही अवस्था सहसा पालकांच्या लक्षात येत नाही. दुसरा डोळा काम भागवीत असल्याने बालकही तक्रार करीत नाही. यास अँब्लिओपिया अथवा 'आळशी डोळा' म्हणतात. वस्तुतः आळस डोळ्याचा नसतो. अस्पष्ट प्रतिमा पाठविणाऱ्या डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो. तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरांतील मोठी तफावत, जन्मजात मोतीबिंदू व खाली उतरलेली पापणी ही याची प्रमुख कारणे होत.

पनवेल येथील आमच्या चिकित्सालयात काही वर्षांपूर्वी चार वर्षांची बालिका खोकल्यासाठी आली होती. डोळा किंचित तिरळा होता. "लुकणे डोळे भाग्याचे," असे आजी म्हणाल्या आणि आम्हीही हसून विषय सोडला. नवव्या वर्षी त्या डोळ्याची दृष्टी फारच अधू आढळली. चष्मा व पट्टी यांनी अल्पच सुधारणा झाली. त्या पाच वर्षांचे उत्तरदायित्व आमचेच.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले. या वारशाचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्रिफलाघृत वा तर्पण देऊन महिनोन्‌महिने वाट पाहणे म्हणजे त्या वारशाचा आदर नव्हे. योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर ठरावीक तास पट्टी हा येथील सिद्ध उपाय असून, सातव्या वर्षापूर्वी त्याचा लाभ सर्वाधिक होतो.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकच नेमले जातात. म्हणजे अंगणवाडीतील बालकाकडे वैद्यकीय दृष्टी प्रथम वळते ती बहुधा आपलीच. तेव्हा कोणत्याही कारणाने आलेल्या बालकाचा एकेक डोळा झाकून पाहावा. एक झाकताच ते रडू लागले, हात दूर सारू लागले, तर उघड्या डोळ्याविषयी शंका घ्यावी. चौथ्या महिन्यानंतरचा तिरळेपणा नेत्रतज्ज्ञांस दाखवावा; बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास एक दिवसही दवडू नये. पनवेलीत लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटसारखी रुग्णालये असता दूर अंतराची सबब उरत नाही.

वेळेवर लिहिलेली संदर्भचिठ्ठी हीदेखील चिकित्साच होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.