अमादिसची बाजू

‘डॉन क्विक्झोट’ वाचलेल्यांना अमादिस हे नाव ठाऊक असते, पण थट्टेचा विषय म्हणून. ला मांचातल्या त्या वयस्क गृहस्थाचे डोके ज्या पुस्तकांनी फिरवले त्यांतले हे अग्रगण्य. सर्व्हांतेसने 1605 साली त्याची अशी खिल्ली उडवली की नाइटांच्या अद्भुत कथांचे युगच संपले, असे साहित्याच्या इतिहासांत लिहिलेले असते. हे विधान अर्धेच खरे आहे आणि ते इतक्यांदा गिरवले गेले आहे की त्याला हरकत घेतलीच पाहिजे.

सर्व्हांतेसने प्रत्यक्षात काय लिहिले? सहाव्या प्रकरणात पाद्री आणि न्हावी नायकाच्या पुस्तकांची झडती घेतात. पहिलेच हाती येते ते ‘अमादिस दे गाउला’. या पंथाचे मूळ हेच, तेव्हा जाळून टाका, असे पाद्री म्हणतो. न्हावी त्याला अडवतो. या प्रकारात याच्याइतके चांगले दुसरे पुस्तक नाही, असे तो सांगतो आणि अमादिस वाचतो. अमादिसच्या मुलाची कथा ‘एस्प्लांदियान’ मात्र जाळण्यासाठी अंगणात फेकली जाते. हा निवाडा दोन्ही पुस्तके मन लावून वाचलेल्या माणसाचा आहे. पुढे सिएरा मोरेनाच्या डोंगरात नायक प्रियेसाठी वेड पांघरतो, तेही अमादिसचा कित्ता समोर ठेवून. प्रेयसी ओरियानाचे संतापाचे पत्र मिळताच अमादिसने शस्त्रे टाकली होती, बेल्तेनेब्रोस हे नाव घेतले होते आणि एका ओसाड खडकावर संन्याशाच्या सोबतीने तो दिवस कंठत राहिला होता. हे मूळचे दुःख माहीत नसेल, तर क्विक्झोटचा तो प्रसंग नुसता माकडचेष्टांचा वाटतो. माहीत असेल, तर हसता हसता पोटात तुटते.

मेदिना देल काम्पो या गावाच्या नगरसभेचा सभासद असलेल्या गार्सी रोद्रिगेस दे मोंताल्वोने अमादिसच्या जुन्या तीन भागांच्या कथेवर हात फिरवला आणि चौथा भाग स्वतः रचला. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती सारागोसा येथे 1508 साली छापली गेली. पुढे 1540 पासून फ्रेंच अनुवाद निघू लागला आणि फ्रेंच उमरावांनी त्यावरून बोलण्याचालण्याची रीत गिरवली. त्यातली पत्रे आणि भाषणे वेचून 1559 मध्ये एक स्वतंत्र पुस्तकच निघाले. लुलीने 1684 मध्ये आणि हँडेलने 1715 मध्ये या कथेवर ऑपेरा रचले. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लॉयोला 1522 साली मोन्सेरातच्या देवळात शस्त्रे वाहून रात्रभर जागला, तेव्हा त्याच्या डोक्यात अमादिस आणि तसल्याच कथा घोळत होत्या, असे त्याच्या आत्मकथनातच नमूद आहे.

ही यादी आणखी लांबवता येईल, पण मोठा ठसा साहित्याच्या बाहेर उमटला आहे. 1519 च्या नोव्हेंबरात स्पॅनिश सेनानी कोर्तेसचे सैनिक मेक्सिकोच्या सरोवरापाशी पोहोचले आणि पाण्यातून उभे राहिलेले बुरूज, देवळे, सरळ जाणारे बांधरस्ते पाहून थबकले. त्यांतला बेर्नाल दियास पुढे म्हातारपणी लिहितो की, हे सारे अमादिसच्या पुस्तकातल्या जादूच्या गोष्टींसारखे वाटले. हा बेर्नालही मेदिना देल काम्पोचाच. कधीही न पाहिलेल्या शहराला उपमा द्यायची वेळ आली, तेव्हा त्याच्यापाशी गावच्या लेखकाचे पुस्तक होते. 1531 साली राजाज्ञा निघाली की अमादिससारखी पोकळ कथांची पुस्तके इंडीजला, म्हणजे अमेरिकेतल्या वसाहतींत, पाठवू नयेत. पुस्तके तरीही जात राहिली.

इथे अमादिसच्या चाहत्यांनीही नजर चुकवू नये. 1492 मध्ये स्पेनमधले शेवटचे मुस्लिम राज्य ग्रानादा पडले आणि त्या विजयाचा गौरव मोंताल्वोने प्रस्तावनेत केला आहे. बापाच्या कथेतली नाइटांची आपसांतली द्वंद्वे त्याला पुढे अपुरी वाटू लागली, म्हणून मुलाला, एस्प्लांदियानला, त्याने तुर्कांविरुद्ध धर्मयुद्धाला धाडले. त्याच पुस्तकात इंडीजच्या उजव्या हाताला एक बेट येते. तिथे फक्त काळ्या स्त्रिया राहतात, सोन्याखेरीज दुसरा धातू नाही आणि राणीचे नाव कालाफिया. ती कॉन्स्टॅन्टिनोपलवर चालून येते, हरते, ख्रिस्ती होते आणि एका नाइटशी लग्न करते. सोने, परक्या बायका, पराभव, धर्मांतर: मेक्सिकोत जे पुढे रक्त सांडून घडले, त्याचा सुखान्त आराखडा इथे आधीच रंगवलेला आहे. त्या बेटाचे नाव कॅलिफोर्निया. 1530 च्या दशकात स्पॅनिश लोक पॅसिफिक किनाऱ्यावरच्या एका द्वीपकल्पाला पोहोचले, ते बेटच आहे असे समजले आणि थोड्याच काळात कादंबरीतले नाव त्या भूमीला चिकटले. ते कुठून आले हे जग विसरून गेले होते. एडवर्ड एव्हरेट हेल या अमेरिकन लेखकाने 1862 मध्ये ते पुन्हा दाखवून दिले. सर्व्हांतेसच्या पाद्रीने अंगणात फेकलेले पुस्तक ते हेच.

या कथांची झळ आपल्या बाजूच्या समुद्रापर्यंतही आली होती. पोर्तुगीजांच्या आशियातल्या राजवटीचा पहिला थोर इतिहासकार जुआंव दे बारुश याने इतिहासाआधी, 1522 मध्ये, अशीच एक नाइटकथा लिहिली होती. फ्रान्सिस्कु रोद्रिगेस लोबुच्या 1619 च्या पुस्तकात तर हिंदुस्थानातल्या एका वेढ्याचा किस्सा आहे. पोर्तुगीज सैनिक रात्री असले पुस्तक मोठ्याने वाचत. त्यांतला एक भोळा शिपाई ते अक्षरशः खरे मानायचा. लढाईत तो एकटाच शत्रूच्या घोळक्यात घुसला आणि जखमांनी भरलेला असा कसाबसा सोडवून आणला गेला. सोबत्यांनी दटावले, तेव्हा तो म्हणाला की तुमच्या पुस्तकातला कुठलाही नाइट रोज रात्री करतो त्याच्या निम्मेही मी केलेले नाही. किस्सा रचलेला असेलही. पण तो क्विक्झोटनंतर चौदाच वर्षांनी छापलेला आहे आणि त्यात त्या शिपायाची थट्टा नाही, कौतुक आहे. नाइटकथा हसण्याने मेल्या, असे मानणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

आपल्याकडच्या वर्गांत आणि वाचनमंडळांत क्विक्झोटचा परिचय करून देताना अमादिस एका ओळीत उरकला जातो. ती ओळ काढून टाकावी आणि तिच्या जागी दोन प्रकरणे वाचायला द्यावीत: खडकावरच्या बेल्तेनेब्रोसचे आणि कालाफियाच्या स्वारीचे. सर्व्हांतेस कोणत्या पुस्तकाला वाचवत होता, कोणते फेकत होता आणि या दोहोंत त्याने फरक का केला, यावर मग बोलता येईल.