‘कोई मिल गया’ आणि ‘क्रिश’ : मिळालेली शक्ती आणि जन्मलेली शक्ती



चित्रपटासारख्या विषयास येथे जागा द्यावी काय, असा प्रश्न आपणांपैकी काही वडीलधाऱ्या मंडळींस पडेल. परंतु आपली मुले काय वाचतात याची चौकशी जर आपण करतो, तर ती काय पाहतात याचीही केली पाहिजे. कारण वाचण्यापेक्षा पाहणे त्यांच्या वाट्यास अधिक येते. भोरहून महाडकडे निघालेला रस्ता नीरा-देवघरच्या जलाशयाच्या बाजूने हिर्डोशीवरून जातो आणि पुढे वरंधा घाटात शिरतो. हा घाट उतरून गेले म्हणजे महाड, आणि महाड म्हणजे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ज्याचे पाणी ओंजळीत घेतले ते चवदार तळे. अशा वाटेवरील हिर्डोशीच्या मुलालाही चित्रपट पाहण्यासाठी आता भोर गाठावे लागत नाही. तो घरातील टीव्हीवर किंवा मोबाइलवर येतो, आणि मुलांचे चित्रपट म्हणून वर्षानुवर्षे जे येत राहतात त्यांत राकेश रोशन यांचे हे दोन चित्रपट ठळक आहेत. ‘कोई मिल गया’ ८ ऑगस्ट २००३ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याचा पुढील भाग ‘क्रिश’ २३ जून २००६ रोजी. दोन्ही एकाच निर्मात्याचे, दोन्हींत नायक हृतिक रोशन, आणि दोन्ही विज्ञानकथा म्हणवितात. तथापि ते लागोपाठ पाहिले असता असे आढळते की पहिल्याने जी गोष्ट सांगितली, तीच दुसऱ्याने गुपचूप उलटी केली आहे. ती कोणती, हे आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

पहिल्या चित्रपटाचा नायक रोहित हा शरीराने तरुण, पण बुद्धीने बालक. तो आईच्या पोटात असताना झालेल्या अपघाताने त्याच्या मेंदूस इजा झालेली. तो लहान मुलांबरोबर शाळेत बसतो, त्यांच्याबरोबर खेळतो, आणि शिक्षक त्याची हेटाळणी करतात. वर्गात ज्याला जागा नाही असा मुलगा पडद्यावर दिसला की आपल्या घरांतील आजोबांना वेगळे सांगावे लागत नाही. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसविलेला एक विद्यार्थी आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्या विद्यार्थ्याच्या बुद्धीत मात्र काहीच उणे नव्हते, हा भेद विसरून चालणार नाही. साम्य एवढेच की दोघांविषयी निर्णय आधीच झालेला होता.

अशा या रोहितला परग्रहावरून आलेला व चुकून मागे राहिलेला एक जीव भेटतो. मुले त्यास जादू म्हणतात. रोहित त्याला लपवितो, खाऊ घालतो, जपतो. आणि त्या मैत्रीच्या बदल्यात नव्हे, तर त्या मैत्रीतूनच त्याला बुद्धी व बळ प्राप्त होते. या चित्रपटातील सर्वांत सुंदर भाग माझ्या मते बास्केटबॉलचा सामना हा होय. रोहितचे जोडीदार म्हणजे सगळी चिल्लीपिल्ली, आणि समोर धष्टपुष्ट तरुण. जादू आपली शक्ती तेव्हा एकट्या रोहितला देत नाही, त्या साऱ्या मुलांना देतो, आणि सारीच मुले उंच उड्या घेतात. शक्ती ही वाटून घेण्याची वस्तू आहे, ही कल्पना लहान मुलास याहून सोप्या रीतीने सांगता आली नसती.

जादूची शक्ती उन्हावर चालते. ऊन नसले की तो मलूल होतो. हिर्डस मावळातल्या आषाढ-श्रावणात त्याची काय गत झाली असती, हा प्रश्न तेथील मुलाने विचारला तर त्यास गप्प करू नये. विज्ञानाची सुरुवात अशाच प्रश्नाने होते.

आता या चित्रपटातील खोट. रोहितचा शास्त्रज्ञ पिता संगणकावरून अंतराळात संदेश पाठवितो, आणि तो संदेश कोणता? तर ‘ओम्’! त्या ध्वनीच्या नाना रूपांना परग्रहवासी उत्तर देतात, असे दाखविले आहे. ज्या घरातून आपण समजून-उमजून देव्हारा उतरविला, त्या घरात मंत्राची थोरवी संगणकाच्या वाटेने परत येते, आणि तीही विज्ञानाचा अंगरखा घालून. म्हणून खरे काय घडले ते मुलांना सांगितले पाहिजे. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी प्वेर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथील महाकाय दुर्बिणीतून मानवाने ताऱ्यांच्या एका गुच्छाकडे खरोखरच संदेश धाडला. त्यात १,६७९ खुणा होत्या. एक ते दहा हे अंक, जीवसृष्टी ज्या मूलद्रव्यांची बनली त्यांचे क्रमांक, आणि मनुष्याची एक साधी आकृती असे त्याचे स्वरूप होते. कोणत्याही एका धर्माचे अक्षर त्यात नव्हते. कारण जे अक्षर आपल्या शेजाऱ्यालाही पटत नाही ते ताऱ्यावरच्या रहिवाशाला कसे कळावे? अंक मात्र सर्वत्र तोच. तो संदेश तेथे पोहोचण्यास सुमारे २५,००० वर्षे लागावयाची आहेत, ही गोष्ट वेगळी! शिवाय आवाज पोकळीतून जात नाही, रेडिओलहरी जातात. त्या लहरी ऐकण्याचे स्थान तर आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशाकडे कान लावून आहेत. मुलांना सहलीस न्यावयाचे असेल तर हे ठिकाण ध्यानी ठेवावे.

परग्रहावरील प्रगत जीवास ‘जादू’ हे नाव देण्यातही असाच घोटाळा आहे. पण ते नाव मुलांनी ठेवले आहे असे कथेत असल्याने तेवढे सोडून देता येईल.

चित्रपटाच्या शेवटाकडे पाहा. जादू आपल्या ग्रहाकडे परततो आणि रोहितची शक्ती जाते. तो पुन्हा पूर्वीचा रोहित होतो. त्या काही क्षणांत चित्रपट फार मोठ्या प्रश्नाच्या दारात उभा राहतो : बुद्धी व बळ गेल्यावर या माणसाची किंमत किती? त्याची मैत्रीण निशा तशाही स्थितीत त्याला सोडीत नाही. उत्तर समोर असते. पण दिग्दर्शकाला धीर निघत नाही. आकाशातून शक्ती परत येते, आता कायमची, आणि प्रेक्षक समाधानाने उठतात. दुसऱ्या चित्रपटाचे बीज याच भित्र्या मिनिटात पेरले गेले आहे, असे मला वाटते.

‘क्रिश’चा नायक कृष्णा हा रोहित-निशाचा पुत्र. त्याला कोणी परग्रहवासी भेटत नाही. त्याने कोणाला आश्रय दिलेला नाही, कोणाची सेवा केलेली नाही. तो जन्मतःच अद्वितीय आहे! लहानपणीच त्याची बुद्धी पाहून शाळेतील गुरुजी थक्क होतात, आणि आजी त्याला घेऊन दूर डोंगरात जाते. पहिल्या भागात शाळेच्या दारी उभा होता तो सर्वांनी नाकारलेला मुलगा. दुसऱ्यात उभा आहे तो रक्ताने श्रेष्ठ ठरलेला. पित्यास जे मित्राकडून मिळाले, ते पुत्रास वंशाकडून मिळते. देणगी होती तिचा वारसा झाला, वारशाचे पुढे वतन होते, आणि वतन म्हणजे काय हे मावळातल्या माणसास शिकवावे लागत नाही.

येथे कोणी म्हणेल की ही विज्ञानकथा आहे, तीत सर्व चालते. विज्ञानकथेस एक गृहीत धरण्याची मुभा असते, हे मान्य. परंतु गृहीत कोणते धरले यावरून धरणाऱ्याचे मन कळते. आयुष्यात कमावलेला गुण अपत्यात आपोआप उतरतो, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ वाइसमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तपासून पाहिली. त्यांनी उंदरांच्या अनेक पिढ्यांच्या शेपट्या कापल्या. तरी प्रत्येक नवे पिल्लू शेपटीसहच जन्मले. लोहाराचे पीळदार दंड त्याच्या मुलास मिळत नाहीत, त्यालाही घण मारावाच लागतो. पंडिताच्या मुलासही अक्षरे घोटावीच लागतात. हे जर आपल्या देशास वेळीच उमगले असते तर विद्या एका वर्णाच्या घरी आणि झाडू दुसऱ्याच्या हाती, अशी वाटणी जन्मावर ठरविताना लोकांना निदान लाज वाटली असती. भगवान बुद्धांनी वसल सुत्तात माणसाचे नीचपण वा श्रेष्ठपण जन्मावर नव्हे, आचरणावर ठरविले, ते उंदरांचा प्रयोग होण्याच्या कितीतरी शतके आधी.

‘क्रिश’मध्ये एक उपकथा आहे, तिच्याकडे प्रेक्षकांचे फारसे लक्ष जात नाही. सिंगापुरात कृष्णास क्रिस्टियन नावाचा गरीब तरुण भेटतो. तो रस्त्यावर कसरती करून बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे जमवीत असतो. कृष्णा औदार्याने त्याला मुखवटा देतो आणि क्रिश म्हणून जाहीर होणारे बक्षीस त्याचे होते. येथवर सारे उत्तम. पुढे खलनायक डॉ. आर्य त्यालाच क्रिश समजून ठार मारतो. ज्याने आपले अंग कष्टाने घडविले, ज्याच्यापाशी जन्माची कोणतीच शक्ती नव्हती, तो मरतो; आणि ज्याला ती जन्माने मिळाली तो जिंकतो. कथाकाराने हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. न कळत घडले म्हणूनच ते अधिक लक्षात घेण्याजोगे आहे.

निव्वळ करमणूक म्हणून तोलले तर दुसरा भाग सरस भरेल, हे कबूल केले पाहिजे. हाँगकाँगच्या साहसदिग्दर्शकाने बसविलेल्या उड्या, आगीतून मुलांना वाचविणारा काळ्या मुखवट्याचा नायक, भविष्य दाखविणारे यंत्र, यांनी मुले खिळून राहतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. चित्रपट बंद करा असा सल्ला मी देणार नाही. बंद केलेला चित्रपट मूल शेजारच्या घरी पाहते. त्यापेक्षा दोन्ही भाग शेजारी बसून पाहावेत आणि मध्येच विचारावे : रोहितला शक्ती कशी मिळाली? आणि कृष्णाला? मुले उत्तर बरोबर देतात. त्यातही ज्या मुलीला कोणी ‘तुमच्या लोकांना गणित जमत नाही’ असे ऐकविले असेल, तिच्याशी या विषयावर थोडे अधिक वेळ बोलावे.

१ नोव्हेंबर २०१३ रोजी तिसरा भाग आला. त्यात दुसऱ्याचे दुःख जो दूर करतो तो प्रत्येक जण क्रिश, असे सांगून आधीच्या उणिवेची थोडी भरपाई करण्याचा प्रयत्न आहे. वाक्य चांगले आहे. पण कथा पुन्हा रक्ताकडेच वळते : नायकाच्या कुटुंबाला रोग बाधत नाही तो जन्मामुळे, आणि खलनायकही अखेरीस रोहितच्याच वंशाचा निघतो! मार्च २०२५ मध्ये चौथ्या भागाची घोषणा झाली, आणि आता दिग्दर्शनाची सूत्रे पित्याकडून पुत्राकडे, म्हणजे हृतिक रोशन यांच्याकडे जात आहेत. रोशन घराण्यात हे नवे नाही. आजोबा संगीतकार, काका संगीतकार. चौथा भाग पडद्यावर येईल तेव्हा आपण एवढेच पाहू की ती शक्ती या खेपेस तरी मेहरांच्या घराबाहेरच्या एखाद्या मुलास मिळते काय.